मॅकलुरींचा रणदंड

माझ्या नवऱ्याने माझी लापशीची घोटणी चोरली. चोरली म्हटलं की त्याला राग येतो. तो म्हणतो, "चोरली नाही, शोना. कुळाला अर्पण केली." मी म्हटलं, कुळाला अर्पण करायचं तर स्वतःची माशांची गळकाठी कर की. एकेचाळीस वर्षं संसार केला. या माणसाने एवढ्या काळात घरातली एक वस्तू कधी जागच्या जागी ठेवली नाही, आणि अर्पण केली ती नेमकी माझी.

टॉर्मोद तसा वाईट नाही. तीस वर्षं आमच्या बेटाच्या बोटीवर दोर टाकायचं काम केलं, एकदाही पाण्यात पडला नाही. बिघडला तो निवृत्त झाल्यावर. डॉक्टरने त्याला वाचायचा चष्मा दिला. इतकी वर्षं ज्याला पावाच्या पुड्यावरचं वाचता येत नव्हतं, त्याला एकदम सगळंच दिसायला लागलं, आणि सगळ्यात आधी दिसलं ते आपण मॅकलुरी आहोत हे. अरे, पासष्ट वर्षं मॅकलुरीच होतास ना? पण नाही. आता मॅकलुरी मंडळाचं पत्रक घरी यायला लागलं, भिंतीवर कुळाचं झाड लागलं, आणि त्या झाडावर मी कुठे आहे म्हणून पाहिलं तर टॉर्मोदच्या शेजारी एक बारीक आडवी रेघ. त्या रेघेवर माझं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं.

मग त्याने माळ्यावरून घरचं बायबल काढलं. आमच्याकडे घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवतात. हे बायबल दीड-दोनशे वर्षं स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या फळीवर होतं, त्यामुळे त्यात देवाचा शब्द कमी आणि लापशीचे शिंतोडे जास्त. टॉर्मोद चार दिवस त्यावर नाक टेकून बसला. पाचव्या दिवशी ओरडला, "शोना! इथे काहीतरी लिहिलंय! 'ॲम मेड'!"

मी भांडी पुसत होते. म्हटलं, "कुठली मेड?"

"मेड! स्पष्ट लिहिलंय. पुढे डाग आहे. मग 'मारियन' असं नाव, मग एक वर्ष, अठराशे अकरा!"

आता मला काय वाटणार? वाटलं, यांच्या घराण्यात कुणीतरी मोलकरीण ठेवली होती आणि तिचं नाव देवाच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. मी म्हटलं, "टॉर्मोद, ते पान मिटव. घरातल्या गोष्टी घरात राहू देत." तो म्हणाला, "अगं, हे गेलिकमध्ये आहे." मी म्हटलं, मग तर मिटवच.

इथे एक सांगायला हवं. गेलिक माझ्या आईची भाषा. मी तीत भांडते, हिशेब करते, स्वप्नात बोलते. पण वाचता येत नाही. शाळेत आम्हाला वाचायला शिकवलं ते इंग्रजी, आणि तोंडातून गेलिक शब्द बाहेर पडला की मास्तर हातावर चामडी पट्टा मारायचे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा मला दोन्ही आलं: इंग्रजी वाचायला आणि गेलिक हळू आवाजात बोलायला. टॉर्मोदचं उलटं. तो लहानाचा मोठा झाला ग्लासगोला, बाप तिथे गोदीत होता म्हणून. ग्लासगोच्या माणसांना कुळाचा अभिमान पोटभर मिळतो, भाषा मिळत नाही. म्हणजे घरात वाचणारा होता त्याला समजत नव्हतं, आणि समजणारी होती तिला वाचता येत नव्हतं. आमचं लग्न एवढं टिकलं ते यामुळेच, असं शेजारची एफी म्हणते.

टॉर्मोदने ती अक्षरं कागदावर उतरवली आणि पोस्टातल्या फॅक्सवरून मंडळाच्या चिटणीसाला कॅनडात पाठवली. चिटणीसाने शब्दकोश उघडला. उत्तर दोन पानी आलं. मेड म्हणजे दांडा, काठी, दंड. घरात एखादा प्राचीन दंड आहे काय? असल्यास त्यावर काही खुणा आहेत काय?

टॉर्मोदने सगळं घर शोधलं. छत्री पाहिली, झाडूचा दांडा पाहिला, माझ्या वडलांची मेंढ्यांची काठी पाहिली. मग तो स्वयंपाकघरात आला. मी चुलीपाशी उभी होते. तो थांबला, चष्मा वर केला, खाली केला, आणि माझ्या हाताकडे असं पाहिलं की मला लग्नाचे दिवस आठवले.

"शोना," तो हळूच म्हणाला, "तुझ्या हातात काय आहे?"

"घोटणी."

"ती कुठून आली?"

"तुझ्या आईने दिली. लग्नाच्या दिवशी. म्हणाली, ही घे आणि माझ्या मुलाला सांभाळ. दोन्हींतली घोटणी चांगली निघाली."

त्याला ऐकू गेलं नाही. त्याने घोटणी घेतली, धुतली, खिडकीत धरली. वीतभर लांब, काळी पडलेली, वरचं टोक काट्याच्या फुलासारखं कोरलेलं. खालच्या टोकाला लालसर डाग, तो मी आले त्या दिवसापासून आहे, घासून जात नाही.

"रक्त," टॉर्मोद म्हणाला.

मी म्हटलं, "मग एकेचाळीस वर्षं तू कुणाचं तरी रक्त खातोयस."

तर असा झाला मॅकलुरींचा रणदंड. टॉर्मोदने दोन दिवसांत पूर्ण इतिहास रचला. अडीचशे वर्षांपूर्वी कलोडनच्या रणात इंग्रजांविरुद्ध, आमच्या राजपुत्राच्या बाजूने लढलेला कुणी मॅकलुरी, त्याच्या हातात हा दंड. इंग्रज शिपाई घरोघर झडती घेत होते, शस्त्रं नि कुळांचे चौकडीचे कपडे जप्त करत होते, तेव्हा शूर बायकांनी तो लापशीच्या पातेल्यात लपवला आणि घोटणी म्हणून वापरायला लागल्या. शिपाई आले, पातेल्यात पाहिलं, परत गेले. हे त्याने एफीसमोर इतकं रंगवून सांगितलं की एफीने डोळे पुसले. खरं सांगते, मलाही थोडं वाटलं. शूर बायकांच्या ठिकाणी मला मीच दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटताना मी पाठ जरा ताठ ठेवली.

माझी चूक तीच. त्याच दिवशी मी ती हिसकावून घ्यायला हवी होती. कारण ती घोटणी माझी कायमची नाहीच. सासूबाईंनी मला दिली, त्यांना त्यांच्या सासूने. आणि येत्या सप्टेंबरात आमच्या कर्स्टीचं लग्न. कर्स्टीने फोनवर सांगितलं होतं, "आई, मला चिनी मातीचा सेट नको, पडदे नकोत. फक्त ती घोटणी दे." एकुलती एक मुलगी, आणि मागून मागून मागितलं काय, तर एक लाकूड. तेवढंही मला देता येऊ नये?

पण तोवर मुख्य भूमीवरून संग्रहालयाची बाई आली होती. मिस पिटकेर्न. पांढरे हातमोजे, हातात फॉर्म. फॉर्म अकरा पानांचा. 'मालक' या चौकटीत टॉर्मोद. मी म्हटलं, माझं काय? तिने शोधून माझ्यासाठी चौकट काढली: 'माहिती देणारी व्यक्ती'.

"मिसेस मॅकलुरी, या वस्तूचा वापर कसा होत असे?"

"होत असे नाही, होतो. रोज सकाळी."

"न चुकता?"

"न चुकता. उजव्या हाताने. सूर्य फिरतो त्या दिशेने. उलट फिरवलं तर घरात अरिष्ट येतं."

तिने पेन थांबवलं. "आणि त्या वेळी काही बोललं जातं का?"

"कधी कधी. टॉर्मोद उशिरा उठला तर."

तिने लिहिलं. मी वाकून वाचलं, इंग्रजी होतं: 'धार्मिक विधीसाठी वापर.' मी म्हटलं, "बाई, लापशी!" तर ती गोड हसली. "त्या काळात रोजच्या अन्नातही विधी असायचा, नाही का?" आमच्याकडे लापशीला आदरार्थी बोलतात हेही तिने टिपून घेतलं. त्या उकळल्या का, त्या घट्ट झाल्या का, असं. नवऱ्याला अरे-तुरे नि लापशीला अहो-जाहो, त्यात काय विशेष? जी वेळेवर तयार होते तिला मान द्यायचा.

मग तिने घोटणीच्या टोकावरचा डाग कापसाने पुसून तपासायला पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: लोहयुक्त लाल पदार्थ. टॉर्मोद अंगणात नाचला. "लोह! रक्तात लोह असतं, शोना!" मी म्हटलं, आपल्या फाटकाच्या बिजागरीतही असतं. पण इतिहास लिहिणाऱ्या माणसाला मध्येच बोललेलं आवडत नाही.

नोंद झाली, क्रमांक पडला, आणि नियम आला: नोंदलेल्या वस्तूला अन्नाचा स्पर्श होता कामा नये. काचेची पेटी आली. पेटीत ओलावा मोजायचं यंत्र. माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच घोटणीसाठी एक खुर्ची अडली, आणि तिच्यासमोर मी लाकडी चमच्याने लापशी ढवळत उभी.

गुठळ्या झाल्या.

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बेटावर बातमी बोटीच्या आधी पोचते. एफी दुसऱ्याच दिवशी विणायची जाड सुई घेऊन आली. "शोना, याने कर. माझ्या आत्याने याच्यावर एक हिवाळा काढला." आमच्या बोटीचे कप्तान मॅकफी म्हणाले, छोटं वल्हं वापर, पाण्यात चालतं ते लापशीतही चालेल. पाद्रीबाबांच्या बायकोने सुचवलं, आधी पीठ चाळून घे. मला! पीठ चाळायला! टॉर्मोदने दुकानातून प्लॅस्टिकची घोटणी आणली. ती तिसऱ्या दिवशी वाकली आणि तशीच वाकून राहिली, लाजल्यासारखी. आणि वर एक दिवस जेवताना तो म्हणाला, फार हळूच म्हणाला, "आज जरा चावाव्या लागतायत का?"

मी त्याच्या वाटीत आणखी एक डाव वाढला. आजही त्याला वाटतं ते मी ऐकलं नाही.

मग पत्र आलं. कुळाचे प्रमुख डॉक्टर ड्वेन मॅकलुरी, राहणार कॅनडा, पेशा दातांचा, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी बेटावर साठ मॅकलुरींसह येत आहेत. कुळाचा दंड ते स्वहस्ते स्वीकारतील आणि तो यापुढे त्यांच्या दवाखान्याच्या दर्शनी भागात, सुरक्षित काचेत राहील.

"कॅनडात?" मी म्हटलं.

"प्रमुखाकडेच असायला हवा, शोना. तसा रिवाज आहे."

"आणि कर्स्टी?"

टॉर्मोदने चष्मा काढला. काढला की त्याला काही दिसत नाही, म्हणून कठीण प्रश्नाला तो नेहमी काढतो. "कर्स्टीला आपण नवी घेऊ. छान. दुकानातली."

मी म्हटलं, त्या प्लॅस्टिकवालीची बहीण का? त्या दिवसापासून मी त्याच्याशी गेलिकमध्ये भांडणंही सोडलं; फक्त इंग्रजीत, कामापुरतं बोलले.

पण मंडळाने माझ्यासाठीही मान राखून ठेवला होता. साठ पाहुण्यांचा सकाळचा नाश्ता, पारंपरिक, गावाच्या सभागृहात: मिसेस टॉर्मोद मॅकलुरी. म्हणजे लापशी मी करायची, आणि जिने करायची ती समोर काचेत बसून बघणार.

शनिवार उजाडला. बोट लागली. सगळे कुळाच्या पोशाखात, पुरुषसुद्धा चौकडीच्या घागऱ्यांत, इतकी कमरेची कातडी पाकिटं नि मोज्यातले सुरे की आमच्या मेंढ्यांनी रस्ता सोडला. धक्क्यापासून सभागृहापर्यंत मिरवणूक. पुढे चार बॅगपाइपवाले, मागे टॉर्मोद, दोन्ही हातांवर एफीच्या सोफ्याची मखमली उशी, उशीवर घोटणी. वारा नव्हता. ऑगस्टमध्ये वारा नसला की आमची चावरी चिलटं येतात, हे बेटावरच्या मुलांनाही माहीत आहे, पण मुहूर्त कॅनडातून ठरला होता.

चिलटं आली. पाइपवाल्यांचे दोन्ही हात गुंतलेले. एकाने मान झटकली, दुसऱ्याने सूर सोडला, तिसरा वाजवत वाजवत पळाला. टॉर्मोद मात्र ताठ. घागऱ्याखाली गुडघे उघडे, त्यांवर काळा थर, तरी ताठ. अभिमान वाटला मला, खोटं कशाला बोलू. मग त्याच्या पाठीत चिलट शिरलं. त्याने उशी डाव्या काखेत मारली, उजव्या हाताने रणदंड उचलला, आणि कॉलरमधून खाली घालून साठ मॅकलुरींसमोर पाठ खाजवली. मिस पिटकेर्नच्या तोंडून जो आवाज निघाला तो चौथ्या पाइपच्या सुरात मिसळून गेला.

सभागृहात नाश्ता वाढला. मी तीन पातेली केली होती, विणायच्या सुईने. गुठळ्या होत्या, लहान नव्हत्या. डॉक्टर ड्वेन यांनी पहिला घास घेतला, दातांचा माणूस, सावकाश चावला आणि म्हणाला, "किती अस्सल!" त्यांच्या बायकोने त्यावर मेपलचा पाक ओतला. माझ्या लापशीवर. पाक. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण तोंड पुढे असतं तर बोलले असते.

तेवढ्यात मागून गेलिक ऐकू आलं. मोठ्या आवाजातलं. "ह्या कोणी घोटल्या गं?"

वळून पाहिलं. ड्वेनची आत्या, कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरची पेगी-ॲन. शहाऐंशी वर्षांची, खुर्चीत हरवून जाईल एवढी लहान. तिकडे त्यांच्या बेटावर गेलिक अजून चालते, आणि तिथल्या बायकांना चर्चमध्ये वाचायलाही शिकवलंय, हे मला नंतर कळलं.

"मी घोटल्या," मी म्हटलं. "सुईने."

"सुईने का? घोटणी नाही?"

मी बोट दाखवलं. टेबलावर, काचेत, क्रमांकासह.

म्हातारी उठली. चालत गेली, काचेला नाक लावलं. "ही तर घोटणी आहे."

"आत्या," ड्वेन म्हणाले, "तो रणदंड आहे. बायबलमध्ये लिहिलंय."

"कुठे? आणा इकडे."

टॉर्मोदने बायबल आणलं, पान उघडलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "ॲम मेड..."

"काय मेड?" म्हातारीने पुस्तक ओढून घेतलं. "अम माचे, रे. माचे!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माचे! घोटणीच्या दांड्याला आम्ही हेच म्हणतो! चार महिने हा माणूस मेड, मेड करत फिरला आणि मला आधी त्यात मोलकरीण ऐकू आली. एकदा नीट उच्चारला असता तर मी चुलीपाशीच सांगितलं असतं.

"पुढे डाग आहे," टॉर्मोद म्हणाला. "वाचता येत नाही."

"डाग कसला, लापशी आहे," असं म्हणून पेगी-ॲनने अंगठ्याचं नख लावलं आणि खरवडलं. मिस पिटकेर्न "नको!" म्हणून धावली, पण तोवर दोनशे वर्षांची लापशी गळून पडली होती आणि म्हातारी वाचत होती. गेलिकमध्ये एक ओळ, मग पाहुण्यांसाठी इंग्रजीत:

"'माचे-पोचे. पातेल्याचा दांडा. सासू मारियनने मला दिला. अठराशे अकरा साली माझा नवरा लाखलन याने मला न विचारता या दांड्याने मेंढ्यांना खुणा करायचा लाल रंग ढवळला. आठ दिवस आम्ही गुलाबी लापशी खाल्ली. यापुढे हा दांडा या घरातल्या कुठल्याही पुरुषाच्या हाती देऊ नये. बाईने बाईला द्यावा.'" तिने पान जवळ धरलं. "खाली सही आहे. आणि 'आमेन'."

मग एफीला हसू फुटलं. मग कप्तान मॅकफी. मग साठ मॅकलुरी, सगळे घागरे धरून. ड्वेन यांनाही हसू आलं, चांगले दात आहेत त्यांचे. मग त्यांनी गळ्यातला रुमाल काढला, काचेची पेटी उघडली, आणि घोटणीला हात न लावता, रुमालात धरून माझ्यासमोर केली. "मॅडम," ते म्हणाले, "माझी नियम मोडायची हिंमत नाही." मिस पिटकेर्न फॉर्म उलटसुलट करत होती. मी म्हटलं, तिथे 'मालक' खोडा आणि 'बायका' लिहा. तिने लिहिलं. पेनाने.

मी चौथं पातेलं चढवलं. उजव्या हाताने, सूर्याच्या दिशेने. पेगी-ॲन शेजारी उभी राहून बघत होती, कर्स्टीलाही एक दिवस असंच शेजारी उभं करून दाखवीन असं माझ्या मनात येत होतं. गुठळी एकसुद्धा नाही. पेगी-ॲनने उभ्याने दोन वाट्या खाल्ल्या, पाकाशिवाय. म्हणाली, "पोरी, ह्या खऱ्या."

टॉर्मोद कोपऱ्यात एकटा, गुडघे चिलटांनी लाल, चष्मा हातात. त्याच्याकडे पाहिलं आणि जरा वाईट वाटलं. रणात लढलेला पूर्वज गेला आणि त्याच्या जागी मेंढ्या रंगवणारा आला, हे कुणालाही जड जाईल. मी वाटीभर लापशी घेऊन त्याच्याकडे गेले, समोर उभी राहिले, आणि त्या पत्रानंतर पहिल्यांदा त्याच्याशी गेलिकमध्ये बोलले. पेगी-ॲन इंग्रजी करून सांगत होती, म्हणून त्याला सगळं समजलं, आणि सभागृहालाही.

"खा, टॉर्मोद. तुझ्या घराण्यात शूर माणूस होऊन गेला, मी नाही म्हणत नाही. बायकोला न विचारता तिची घोटणी उचलायला छाती लागते. पण त्याला शिक्षा झाली, ती देवाच्या पुस्तकात लिहून ठेवली, आणि दोनशे वर्षांनी तू तोच गुन्हा केलास. तेव्हा बंदी कायम. घोटणीला हात लावायचा नाही." मी वाटी त्याच्या हातात दिली आणि मागच्या चार पातेल्यांकडे बोट केलं. "भांडी घासायबद्दल मात्र त्यात काहीही लिहिलेलं नाही."